पूर्व विभागात दुसरी

सिंगापूरची कोकिळा वसंताची वाट बघत बसत नाही. बारा महिने उजाडायच्या आधी कोकलायला लागते, आणि पासिर रिसला आमच्या ब्लॉकसमोरच्या झाडावरची तर जरा जास्तच हौशी होती. तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात फोडणीची मोहरी तडतडायची, वरून चांगीकडे उतरणारं विमान जायचं, आणि मग हॉलमधून हजारो माणसांचा गलका ऐकू यायचा. तो गलका बाबांच्या लॅपटॉपमधला. अमेरिकेत रात्रीचे दिवे लावून बेसबॉल सुरू असायचा तेव्हा आमच्याकडे सकाळचे पोहे असायचे. बाबा शर्टाची वरची बटणं लावायची विसरून, एका हातात बशी धरून, पडद्याकडे बघत घास घ्यायचे. कधी घास तोंडात जायचा, कधी शर्टावर. आई आतून ओरडून विचारायची, "कोण किती?" बाबा गुणसंख्या सांगायचे. तिला त्या खेळातलं फार कळत होतं असं नाही, पण "कोण किती" विचारल्याशिवाय तिच्या पोह्यांवर खोबरं पडत नसे.

बाबांना हे खूळ कुठून लागलं ते सगळ्या नातेवाइकांना पडलेलं कोडं होतं. पुण्याचा माणूस, क्रिकेट सोडून दांडपट्टा कसला बघतो, असं माझा मामा उघड म्हणायचा. लग्नाआधी कंपनीने त्यांना एका अमेरिकन शहरात धाडलं होतं. तिथे एकटेपणाने माणूस वाळत चाललेला बघून त्यांच्या म्हाताऱ्या घरमालकाने त्यांना मैदानावर नेलं, हातात शेंगदाण्यांची पुडी दिली, आणि काम तमाम झालं. त्या गावाचा संघ तो बाबांचा संघ. पुढे नोकरी सिंगापुरात आंग मो किओला आली, संसार पासिर रिसला थाटला, पण संघ तोच राहिला. घरात आम्ही त्या संघाला नावाने कधी हाक मारली नाही. "आपली मंडळी" म्हणायचो, जणू सांगलीचे पाहुणे.

त्या वर्षी आपली मंडळी फारशी बरी खेळत नव्हती, आणि तरी पुढे चालली होती. हे कसं, ते मला नाश्त्याला रोज समजावून सांगितलं जायचं. प्रत्येक लीगचे तीन विभाग. विभागात पहिला येईल तो सरळ बाद फेरीत. बाकी उरलेल्यांतले सर्वांत चांगले दोन संघ वाइल्ड कार्ड म्हणून एकमेकांशी एकच सामना खेळणार, हरला तो घरी. आपल्या मंडळींचा विभाग इतका लेचापेचा होता की जेमतेम बरे खेळूनही ते पहिले होते. शेजारच्या विभागात मात्र एक संघ त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सामने जिंकून दुसरा होता, कारण त्याच्या डोक्यावर त्याहून भारी संघ बसला होता. म्हणजे जास्त जिंकलेल्याचं नशीब एका सामन्यावर टांगलेलं, आणि कमी जिंकलेले आरामात पाय पसरून बसलेले. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, अन्याय दिसला की अंगाला खाज सुटायची ते वय. "नॉट फेअर ला, बाबा," मी सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. त्यावर बाबा बशी खाली ठेवायचे. विभाग म्हणजे शेजार, ते म्हणायचे. शेजाऱ्यांशीच जास्त सामने होतात, प्रवास कमी होतो, भांडणाला रंग चढतो. शिवाय ज्याचे प्रतिस्पर्धीच वेगळे, त्याच्या विजयांची बेरीज दुसऱ्याच्या बेरजेशी तोलायची कशी? मी म्हणायची, मग त्या बिचाऱ्यांचे प्रतिस्पर्धी तर जास्त अवघड होते, म्हणजे तर दुप्पट अन्याय. बाबा घड्याळ बघायचे आणि ऑफिसला पळायचे. मला आता वाटतं, आपलीच मंडळी त्या दुसऱ्या जागी असती तर बाबांनी शेजाराचं इतकं कौतुक केलं नसतं.

याच सुमारास मराठी मंडळाच्या कॅरम स्पर्धेची सूत्रं बाबांच्या हाती आली. त्याआधी ही स्पर्धा एका रविवारी, एका हॉलमध्ये, सगळ्यांची एकदम व्हायची. जुरोंगहून येणाऱ्या माणसाचा नंबर संध्याकाळी लागायचा, तोवर त्याची बायको चिडलेली, मुलं पेंगुळलेली. बाबांनी बैठकीत विभागांची योजना मांडली. पूर्व, पश्चिम, उत्तर, मध्य. ज्याने त्याने आपल्या भागात, आपल्या इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर नाहीतर कॉन्डोच्या खोलीत खेळावं, प्रत्येक विभागातला पहिला उपान्त्य फेरीत यावा. घर, ऑफिस किंवा शाळा जिथे असेल त्या विभागातून नाव देता येईल. बाबांनी वाइल्ड कार्डही सुचवलं होतं, पण अध्यक्ष कारखानीसकाका म्हणाले, चार विभाग, चार जागा, कशाला उगीच गुंता. बाबांनी मान डोलावली. त्या एका मान डोलावण्याने आमच्या घरात काय होणार आहे हे त्यांना कळलं असतं, तर ते मान ताठ ठेवून परत आले असते.

कारण आमच्या घरात कॅरम खेळणारं माणूस म्हणजे आई. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे खांदे आणि मनगटं सरळ करायची, आणि स्वतःचं मनगट मात्र एकाच कामासाठी राखून ठेवल्यासारखं वापरायची. कॉलेजात ती विद्यापीठाकडून खेळलेली. संसाराच्या सामानाबरोबर तिने पुण्याहून बोटीने आणलेला कॅरम बोर्ड आमच्या फ्लॅटमध्ये देवघराखालोखाल मानाचा होता. त्याच्यावर कुणी कप ठेवला तर ती काही बोलायची नाही, फक्त त्या कपाकडे बघायची. मंडळाच्या अंतिम सामन्यांनाही हाच बोर्ड जायचा, कारण त्याच्यासारखा सपाट दुसरा कुणाकडे नव्हता.

आणि पूर्व विभाग म्हणजे वाघांचं रान. मुलांनी पूर्वेला फ्लॅट घेतलेले, आणि गणपतीच्या सुमारास त्या फ्लॅटांत नागपूर-पुण्याहून आईवडील यायचे, महिना-दोन महिने राहायचे. दुपारभर करायचं काय, तर व्हॉइड डेकवर कॅरम. त्यांतले प्रधानआजोबा रेल्वेकडून खेळलेले, निवृत्त, पाठ किंचित वाकलेली, पण बोर्डासमोर बसले की सरळ. ते येताना बोरिक पावडरीचा मोठा डबा घेऊन आले होते, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून. पांढरी पावडर घेऊन चांगी विमानतळावर उतरायची कल्पना आमच्याच माणसांना सुचू शकते. अधिकाऱ्याने डबा उघडला तेव्हा आजोबांनी खिशातून स्ट्रायकर काढून तिथल्या टेबलावर प्रात्यक्षिक दिलं म्हणे. सुटले ते सुटले, वर त्या अधिकाऱ्याने स्वतः एक टिचकी मारून बघितली, असं ते शेवटपर्यंत सांगायचे.

हे सगळं बाबांना दिसत होतं. म्हणून नावं द्यायच्या वेळी ते आईला हळूच म्हणाले की तुझं ऑफिस नोव्हेनाला आहे, मध्य विभागातून नाव दे की, तिकडे सगळे कॉन्डोतले बँकवाले, कुणाला वेळ नाही, चालत पहिली येशील. आई कणीक मळत होती. "म्हणजे मी प्रधानांना घाबरते असं म्हणायचंय तुला?" एवढंच म्हणाली. मध्य विभागात खरोखरच माणसं मिळेनात. लहान मुलांचे डॉक्टर साने, जे स्ट्रायकर अंगठ्याने ढकलायचे, आणि एक बँकवाले गोखले. तीन तरी नावं हवीत म्हणून बाबांनी माझ्या शाळेचा पत्ता बघितला, तो नोव्हेनाजवळचा निघाला, आणि मला न विचारता माझं नाव ठोकून दिलं. मी साने डॉक्टरांशी हरले. गोखले ऐन वेळी कामासाठी हाँगकाँगला गेले. अशा रीतीने एकही सामना न जिंकता मी मध्य विभागात दुसरी आले, आणि ही गोष्ट विसरूनही गेले.

पूर्वेत आईने एकेकाला लोळवलं. प्रधानआजोबांनीही. शेवटी रविवारी सकाळी आमच्या व्हॉइड डेकवर दोघं समोरासमोर बसली. आजूबाजूला खुर्च्या, चकल्यांचे डबे, पिशवीत बांधून आणलेली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणि शेजारच्या चिनी आजी, ज्यांना खेळ माहीत नव्हता पण बाजू आईची घेतली होती. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या बोर्डात आईने राणी घेतली, असा काही मार होता की प्रधानांनी स्वतः "वा" म्हटलं. पण कव्हरची सोंगटी भोकाच्या ओठावर जाऊन थांबली. राणी परत मधे आली, आणि आजोबांनी एका गुणाने सामना नेला. आईने उठून त्यांना नमस्कार केला, बोर्ड पुसला, घरी आली. मला रडू येत होतं. तिला येत नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळी मी सुरू झाले. आईने साने डॉक्टरांना डोळे मिटून हरवलं असतं, आणि ते उपान्त्य फेरीत आणि आई घरी, हा कुठला न्याय. बाबांची नजर पडद्यावर होती, आपली मंडळी जिंकत होती. ते तिकडेच बघत म्हणाले, "विभाग म्हटले की असं व्हायचंच." झालं. आतली झाऱ्याची खडखड थांबली. त्या दिवसापासून आईने "कोण किती" विचारणं बंद केलं.

भांडण झालं नाही. आमच्याकडे भांडणापेक्षा हेच वाईट असायचं. पोहे वेळेवर, डबा वेळेवर, फक्त मधला आवाज गेलेला. बाबा सवयीने थोडं थांबायचे, आतून प्रश्न येत नाही म्हटल्यावर गुणसंख्या स्वतःशीच पुटपुटायचे. आई माझ्यामार्फत बोलू लागली. "तुझ्या बाबांना सांग, साने डॉक्टरांची मॅच सुरू झाली." साने डॉक्टर म्हणजे आपली मंडळी. हे नाव तिने ठेवलं आणि असं चपखल बसलं की मीही वापरू लागले. शेजारच्या विभागातला तो जास्त जिंकूनही दुसरा आलेला संघ तिने दत्तक घेतला. त्याने आपला एकमेव सामना जिंकला त्या सकाळी आमच्या घरी सोमवार असून शिरा झाला. शिरा कशाबद्दल, हे बाबांनी विचारलं नाही. दोघांनी पुढची एकेक मालिकाही जिंकली, आणि त्यानंतरच्या फेरीत नेमकी गाठ पडली ती या दोघांचीच, आईचा संघ आणि बाबांचा संघ.

सात सामन्यांची मालिका सातव्यापर्यंत गेली. तो शेवटचा सामना आमच्याकडे शनिवारी सकाळी होता, आणि दुपारी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात कॅरमच्या उपान्त्य आणि अंतिम फेऱ्या. साने डॉक्टरांनी, म्हणजे बाबांच्या संघाने, सुरुवातीला चांगली आघाडी घेतली. मग ती थोडी थोडी विरघळू लागली. बाबा बशी हातात घेऊन उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. शेवटच्या डावात आईचा संघ पुढे गेला तेव्हा बाबा एकदम लहान मुलासारखे दिसायला लागले. इतक्यात स्वयंपाकघरातून आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोण किती?"

पडद्यावर आकडे ढळढळीत दिसत होते. बाबांनी तरी सांगितले. इतक्या आनंदाने स्वतःच्या संघाचा पराभव सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सामना संपला, आई त्यांच्या शेजारी बसली. बाबा म्हणाले, "नीलिमा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. तुला वाईट वाटलं होतं आणि मी नियम सांगत बसलो." आई म्हणाली, नियमाचं काही नाही, नियम मला माहीत होता, तू मान वर करून बघितलं असतंस तरी चाललं असतं. मग तिने दोन कप चहा आणला, त्यांत भरपूर आलं होतं, आणि मला बोरिक पावडरीचा डबा शोधायला पाठवलं. काही गोष्टी मुलांनी न बघता व्हाव्यात असं आमच्या घरात मानलं जायचं.

दुपारी बोर्ड घेऊन आम्ही हॉलवर पोचलो. आपट्याची पानं तिकडे कुठली मिळायला, कुणीतरी कागदाची कापून आणली होती. बटाटेवडे तळले जात होते. पहिली उपान्त्य फेरी प्रधानआजोबा विरुद्ध साने डॉक्टर, आणि साने डॉक्टरांचा पत्ता नाही. थोड्या वेळाने बाबांचा फोन वाजला. एका लहान मुलाला तातडीने दाखल केलं होतं, डॉक्टर येऊ शकत नव्हते. बाबांनी ते जाहीर करताच मागून आवाज आला, नीलिमावहिनींना बसवा. मग चारी बाजूंनी तोच आवाज. कारखानीसकाकांनीही हात वर केले, कुणाचीच हरकत नाही म्हणाले, नाहीतरी खरा सामना तोच आहे.

बाबा माइक हातात धरून उभे. आलं घातलेल्या चहाला अजून सहा तास झाले नसतील. नियम साधा होता आणि तो त्यांनीच केला होता. विभागातला पहिला येऊ शकला नाही तर त्याच विभागातला दुसरा. तो नियम पाळला तर सकाळी जमलेलं सगळं पुन्हा बिघडणार, आणि मोडला तर स्वतःच्या बायकोसाठी मोडल्यासारखं होणार. त्यांनी आईकडे बघितलं. या वेळी मान वर करून बघितलं. आईने डोळ्यांनीच नाही म्हटलं. माइक तोंडाशी नेऊन बाबा म्हणाले, "मध्य विभागातला दुसरा क्रमांक खेळेल."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कारण मध्य विभागात दुसरं कोण आलं हे कुणालाच आठवेना. मलाही आठवेना. माझ्या तोंडात वडा होता. मग हळूहळू बाबांची नजर माझ्यावर येऊन थांबली. दोन महिने न्याय न्याय म्हणून घसा कोरडा करणारी मी, एकही सामना न जिंकता, आईच्या जागेवर बसणार होते. साने डॉक्टर परवडले, त्यांनी निदान मला तरी हरवलं होतं. मी आईकडे धावले. म्हटलं, तू खेळ, मी माझी जागा तुला देते, धिस इज सो नॉट फेअर ला. आईने तिच्या पर्समधून स्वतःचा स्ट्रायकर काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटली.

"ही जागा तुझी आहे, बस तिथे," ती म्हणाली. "प्रधानांकडे माझं जे राहिलंय ते मी पूर्वेतूनच येऊन घेईन."

मी हरले, ते सांगायला नकोच. आजोबांनी मला नातीसारखं वागवलं नाही, हे त्यांचे उपकार. धुऊन काढलं. पण एका बोर्डात राणी अशी अडून बसली होती की सरळ मार्ग नव्हता. आई माझ्या मागे उभी होती, बोलायची तिला परवानगी नव्हती आणि ती बोललीही नाही. पण दर पावसाळी रविवारी तिने माझ्याकडून घोटून घेतलेला मार माझ्या बोटाला आठवला, समोरच्या कडेवर आपटून परत येणारा. मी टिचकी मारली. राणी गेली. पुढच्याच टिचकीला कव्हरही गेलं, ओठावर थांबलं नाही. हॉलमध्ये गलका झाला, बाबांच्या लॅपटॉपमधून यायचा तसा. प्रधानआजोबांनी हात थांबवला, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून मागे बघितलं. "हा पूर्व विभागाचा मार आहे," ते म्हणाले. आई हसली, आणि मी वळून बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रविवारचं राहिलेलं असावं.

पुढच्या वर्षी स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच मंडळाने वाइल्ड कार्ड आणलं. बाबांनी प्रस्ताव मांडला, कारखानीसकाका गुंता म्हणाले नाहीत. पण आईला त्याची गरजच पडली नाही. प्रधानआजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते नागपूरहून आले नाहीत. इतर दोघे-तिघे आजी-आजोबाही त्या वर्षी दुसऱ्या मुलाकडे गेले. आईने पूर्व विभाग जिंकला, मग स्पर्धाही जिंकली. टाळ्या झाल्या, कप मिळाला, आणि घरी येऊन तिने तो कप कपाटात मागे ठेवून दिला. बाबांनी काय झालं विचारलं तर म्हणाली, "यंदा साने डॉक्टर मीच." मग फोन उचलून तिने नागपूर लावलं आणि गुडघा कधी वाकतो ते विचारलं. मला राग आला होता तिचा, जिंकलीस तर आनंद कर की. आज माझा स्वतःचा गुडघा वाकत नाही, तेव्हा मला तो फोन नीट कळतो.

त्याच्या पुढच्या गणपतीत आजोबा आले. काठी घेऊन, श्रीखंडाच्या डब्यासकट. पूर्वेत त्यांनी आईला हरवलं. आई वाइल्ड कार्डावर पुढे गेली, आणि अंतिम सामन्यात, आमच्याच बोर्डावर, दोघं पुन्हा समोरासमोर बसली. आम्ही वडे खायचे विसरलो. आई पुन्हा एका गुणाने हरली. परतीच्या एमआरटी मेट्रोत बाबा दोन्ही हातांत बोर्ड कवटाळून उभे होते, लोक त्यांना वळसा घालून आत शिरत होते, आणि आई खिडकीशी बसून गुणगुणत होती. बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, हिला कळलंय ना ती हरली ते? आईने ते ऐकलं, आणि पासिर रिस येईपर्यंत गुणगुणायची थांबली नाही.